बिनउस्तादाची उमेदवारी

मंगळवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मावसबहीण. आमचं रिलीज डोक्यावर आलेलं, मी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसलेलो.

"दोन मिनिटं आहेत का रे? उणे गुणिले उणे अधिक का होतं, ते सातवीच्या पोरांना कसं सांगू?"

"नियमच आहे ना तो?"

"तेच सांगितलं मी. तर एक पोरगं उठून म्हणतंय, मॅडम, कर्जाला कर्जानं गुणलं तर पैसे कसे काय येतील?"

आता बोला! चार वर्षं इंजिनिअरिंग, नंतर नऊ वर्षं नोकरी, आणि मला उत्तर येईना. गंमत म्हणून हे आठवड्याच्या गप्पांत खपूनही गेलं असतं. पण फोन ठेवल्यावर एकच गोष्ट डोक्यात राहिली. हा प्रश्न विचारायला ताईला सव्वाशे किलोमीटरवर बसलेला एक जावा डेव्हलपर का सापडावा? शाळेत, शेजारच्या वर्गात, वीस वर्षं पूर्णांक शिकवलेलं कुणी का नसावं?

ताई शिक्षण सेवक आहे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही (म्हणजे माझ्या टीममधले बहुतेक सगळे) त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात २००० सालापासून शिक्षकाची नोकरी लागली की पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षक नसता, शिक्षण 'सेवक' असता. पगार नाही, मानधन. प्राथमिक आणि उच्च प्राथमिकला हे मानधन कित्येक वर्षं महिना ६,००० होतं. २०२३ मध्ये ते १६,००० झालं, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. तीन वर्षं काढली की मग वेतनश्रेणी. प्राथमिक शिक्षकाचं त्यातलं नुसतं मूळ वेतनच २९,२०० पासून सुरू होतं.

आता कुणी म्हणेल, उमेदवारीच्या काळात कमीच मिळणार, सगळीकडे तसंच असतं. मला मान्य आहे. पण उमेदवारीत समोरून काही शिकवलंही जातं ना! ताईचा पहिला दिवस कसा होता? मुख्याध्यापकांनी हजेरीपट हातात दिला, सहावी ते आठवीचं गणित आणि विज्ञान दिलं, आणि पोषण आहाराची नोंदवही दिली. झालं. दीड वर्षात तिच्या वर्गात मागे बसून एखादा अख्खा तास कुणी पाहिलेला नाही. साहेब येतात ते रजिस्टर बघतात. ऑनलाइन माहिती भरली का, हे मात्र आठवड्यातून तीनदा विचारतात.

थोडक्यात, नवशिक्याचा पगार द्यायचा आणि काम पूर्ण शिक्षकाचं घ्यायचं. याला प्रशिक्षण म्हणत नाहीत, याला काटकसर म्हणतात.

"अहो, पण त्यांचं बी.एड. झालेलं असतं की!" हो, झालेलं असतं. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात वीस आठवडे शाळेत जायचं ठरलं. त्याला नाव दिलं आंतरवासिता. हा शब्द ओळखीचा वाटला का? आपल्या घाटीत (बाहेरच्यांसाठी : संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटल) एमबीबीएस संपवून जी मुलं वर्षभर वॉर्डात राबतात, त्यांनाही पेपरात आंतरवासिता डॉक्टरच म्हणतात. शब्द एकच. तिथे स्टायपेंड मिळतो, तो कमी पडला तर संप होतो, आणि मुख्य म्हणजे डोक्यावर सिनियर असतो. इथे छात्राध्यापक स्वतः कॉलेजची फी भरतो, एसटीचं भाडं भरतो आणि टाचणवहीवर सह्या गोळा करत फिरतो. ताईच्या शब्दांत : "आम्ही गेलो की तिथले सर खूश व्हायचे, त्यांना ऑफ तास मिळायचा."

तेही सोडा. वाळूजला जा. कुठल्याही कारखान्याच्या गेटवर सकाळच्या शिफ्टला आयटीआयची पोरं दिसतील. अप्रेंटिसशिपचा कायदा १९६१ चा आहे. लेथवर शिकणाऱ्या पोराला स्टायपेंड द्यावाच लागतो, आणि त्याच्या शेजारी एक उस्ताद उभा असतो, कारण जॉब बिघडला तर कंपनीचं नुकसान होतं. आणि आपण? आपल्याला कंपनीनं पहिले चार महिने एसी खोलीत बसवून, पूर्ण पगार देऊन शिकवलं. त्यानंतरही सहा महिने प्रोडक्शनचा ॲक्सेस दिला नाही. ओळ लिहिली की दुसऱ्यानं तपासायची, मगच ती पुढे जाणार. बँकेच्या एका स्क्रीनवरचं बटण चुकू नये म्हणून एवढी काळजी! सातवीच्या चाळीस पोरांना मात्र पहिल्याच दिवशी थेट प्रोडक्शन.

बरं, ही फार परदेशी कल्पना आहे असंही नाही. अमेरिकेत बोस्टनमध्ये २००३ पासून टीचर रेसिडेन्सी आहे : वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या वर्गात काम, हातात स्टायपेंड. पण जुन्या मुंबई इलाख्यातही व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला पोरगा आधी मास्तर म्हणून लागायचा आणि मग त्याला स्टायपेंडवर ट्रेनिंग कॉलेजात पाठवायचे. (आमचा मराठवाडा तेव्हा निजामाकडे, त्यामुळे आमच्या आजोबांची गोष्ट वेगळी. ती पुन्हा कधीतरी.) कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं, आणि कमवा-शिका हा तर त्यांच्या सगळ्या कामाचा कणाच होता.

मग मधे काय झालं? डी.एड. कॉलेजं झाली! महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, कोर्टानं न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला, आणि २०१२ मध्ये कळलं की त्यातली फक्त ४४ चालवण्यालायक आहेत. यावर उपाय म्हणून आपण परीक्षा वाढवल्या. २०१३ पासून टीईटी, २०१७ पासून अभियोग्यता चाचणी. टीईटीत घोटाळा झाला, २०२१ मध्ये अटका झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. चाळणीवर चाळणी चाललीय. दाणे निवडून झाल्यावर पेरायचे कसे, हे बघायला कुणाला वेळ नाही. आणि २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना १०,००० देऊन शाळांतही 'प्रशिक्षणार्थी' पाठवले. नावात प्रशिक्षण आहे. ते द्यायचं कुणी, हे ताईच्या शाळेत कुणालाच माहीत नव्हतं.

आपल्यातले काही जण टीच फॉर इंडियात जाऊन आलेत. ते २००९ मध्ये पुण्या-मुंबईत सुरू झालं, दोन वर्षांची पगारी फेलोशिप. त्यातली माणसं मला आवडतात. पण थोड्या आठवड्यांच्या तयारीवर वर्ग हातात देणं तिथेही आहेच, आणि दोन वर्षांनी जाणाऱ्या फेलोवर राज्याच्या शाळा चालत नाहीत. ताईला तीस वर्षं तिथेच राहायचं आहे.

मला काय हवंय? शिक्षण सेवकाच्या तीन वर्षांतलं पहिलं वर्ष खरोखर शिकण्याचं करा. तालुक्याच्या मोठ्या शाळेत ठेवा, निम्मेच तास द्या, उरलेल्या वेळात जुन्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसू द्या. त्या जुन्या शिक्षकाचे तास कमी करा, त्याला भत्ता द्या. वर्षाच्या शेवटी त्याचं मत कागदावर घ्या, नुसती सही नको. १६,००० तर तुम्ही आत्ताही देताच आहात.

यात एक खरी अडचण आहे आणि ती मी लपवत नाही. ताईला वर्षभर मोठ्या शाळेत ठेवलं तर तिच्या गावातल्या सातवीला गणित कोण शिकवणार? जागा आधीच रिकाम्या आहेत. म्हणजे भरती एक वर्ष आधी करावी लागेल, आणि एक वर्षाचं मानधन जास्तीचं मोजावं लागेल. पैसे लागतील. समृद्धी महामार्गाला लागले तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या, शिर्डी दीड तासात होते म्हणून.

असो. गुरुवारी डब्याच्या वेळी मी तो प्रश्न टीममध्ये टाकला. सात इंजिनिअर, व्हाइटबोर्ड, पाऊण तास. शेवटी टेस्टिंगमधली एक मुलगी म्हणाली, पाढा उलटा लिहायला लावा : उणे तीन गुणिले दोन, गुणिले एक, गुणिले शून्य... दर पायरीला तीन वाढतात, मग शून्याच्या खाली उतरल्यावर का थांबतील? तिची आई शिक्षिका होती म्हणे.

ताईला पाठवलं. रात्री उत्तर आलं : "चाललं. पण तो कर्जवाला अजून पटवून घेत नाहीये. आणि सोमवारपासून आठवीला वर्गसमीकरणाच्या आधीचं अवयव पाडणं आहे, तेव्हा फोन चालू ठेव."