सत्काराला पुस्तक द्या हो!

मंडळी, हल्ली प्राध्यापकांमध्ये एक टूम आहे. 'मला घडवणारी दहा पुस्तकं' अशी यादी द्यायची. त्या याद्या वाचल्या की माझं डोकं फिरतं. फूको, देरिदा, ग्राम्शी... सगळी जाडजूड, सगळी इंग्रजीतली आणि सगळी एम.ए. नंतर वाचलेली. अहो, तोपर्यंत काय तुमची पाटी कोरी होती? एम.ए.ला जावंसं ज्याच्यामुळे वाटलं ते पुस्तक कुठे गेलं? ते बहुधा मराठीत असणार, पातळ असणार आणि कुणीतरी हातात ठेवलेलं असणार. पण ते यादीत घातलं तर भाव कसा खाता येणार!

धर्मानंद कोसंबींचं उदाहरण घ्या. गोव्यातल्या साखवाळचा मुलगा, शिक्षण बेताचं, कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नाही. 'बालबोधमेवा' नावाच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि त्याचा ध्यासच घेतला. 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनीच हे लिहून ठेवलंय. गंमत अशी की मासिक लहान मुलांचं, आणि ते चालवत होते अमेरिकन मिशनरी! मिशनऱ्यांच्या बालमासिकातून बौद्ध पंडित निघाला. १८९९ साली घर सोडलं ते पुणे, काशी, नेपाळ करत पार सिंहलद्वीपापर्यंत गेले, तिथे पाली शिकले. पुढे हार्वर्डला जाऊन 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनाचं काम केलं, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली. आजच्या निवड समितीपुढे हा माणूस उभा राहिला असता तर पहिला प्रश्न आला असता, पदवी कुठाय?

दुसरं उदाहरण बाबासाहेबांचं. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा शाळकरी भीमराव कृष्णराव अर्जुन केळुसकरांच्या नजरेला पडला. हे केळुसकर पेशाने शिक्षक. (आमच्या जातीचे म्हणा ना! शिक्षक ही एक जातच आहे.) भीमरावाच्या सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. तो मुलगा ते वाचून हलून गेला. त्याने सरळ वडिलांना विचारलं, तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, बौद्ध वाङ्मय का नाही दिलंत? हे सगळं बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्या शेवटच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिलंय. मध्ये कोलंबिया झालं, लंडन झालं, सिडनहॅममध्ये प्राध्यापकी झाली, आमच्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, १९३५ साली येवल्याची घोषणा झाली. हजारो ग्रंथ वाचलेल्या या माणसाने अखेरीस आठवण काढली ती शाळकरी वयात मिळालेल्या मराठी पुस्तकाची!

आता आपले सत्कार बघा. जून महिना आला की कॉलेज रोडला गुणवंतांचे फ्लेक्स लागतात. शाल, गुलाबाचा बुके आणि एक प्लास्टिकची ट्रॉफी. ट्रॉफीवर मुलाचं नाव बारीक अक्षरात, देणाऱ्या पुढाऱ्याचं ठळक. बुके दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत. तेवढ्याच पैशात एक चांगलं पुस्तक येतं. पण पुस्तक द्यायचं तर देणाऱ्याने ते आधी वाचलेलं असावं लागतं, आणि तिथेच सगळी अडचण आहे.

शाळांबद्दल तर बोलायलाच नको. एका शाळेत पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कारकुनाच्या खिशात असे. पुस्तक हरवलं तर वर्गशिक्षकाच्या पगारातून पैसे कापणार. मग कोण कशाला मुलांना पुस्तक देतो? कपाट जडसंग्रहात नोंदलेलं, आतली पुस्तकंही तशीच जड होऊन पडलेली. कॉलेजात २०१० पासून ते एपीआयचे गुण आले. मग पुस्तकं वाचण्यापेक्षा आयएसबीएन घालून छापण्याचीच घाई. असो.

माझा नातू म्हणेल, आजोबा, सगळं मोबाईलवर मिळतं, पुस्तक कशाला द्यायचं? अरे बाबा, मिळण्याचा प्रश्नच नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, मिळत होतंच की. पण चाळीतल्या मुलाला नेमकं हेच वाच म्हणून सांगणारा माणूस लागतो, त्याच्याकडे नीट बघितलेला. केळुसकर त्या मुलाला बागेत रोज बघत होते. बडोद्याच्या महाराजांकडे त्याच्यासाठी शब्दही त्यांनीच टाकला. मोबाईल हे करील?

तेव्हा नातेवाईकांना आधीच सांगून ठेवतो. पुढच्या निकालाला आमच्याकडून पाकीट येणार नाही, पुस्तक येईल. पहिल्या पानावर माझं नाव आणि तारीख असेल. आवडलं नाही तर फोन करून भांडा. आणि ब्लॉगवाल्या मित्रांनो, तुम्हाला शाळेत असताना कुणी पुस्तक दिलं होतं का? कुठलं, आणि देणारं कोण, तेवढं लिहा. फूकोचं नाव लिहिलंत तर मी विश्वास ठेवणार नाही.