लक्ष्मीपूजन आणि वित्ताचे पाच वाटे

आश्विन वद्य अमावास्येच्या सायंकाळी घरोघर लक्ष्मीचे पूजन होते. नव्या केरसुणीला हळद-कुंकू वाहिले जाते, वह्यांवर स्वस्तिक रेखिले जाते, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखविला जातो. पाठोपाठ बलिप्रतिपदा येते आणि बळीचे राज्य येवो, अशी प्रार्थना होते. आलेली लक्ष्मी घरात टिकावी कशी, हा प्रश्न मात्र या गडबडीत राहून जातो.

त्याचे उत्तर भागवताच्या अष्टम स्कंधात, याच बळीच्या कथेत आहे. वामनाला त्रिपादभूमी देण्यास बळी सिद्ध झाला, तेव्हा शुक्राचार्यांनी त्यास वित्ताचे पाच वाटे सांगितले: धर्मासाठी, यशासाठी, पुन्हा धनवृद्धीसाठी, उपभोगासाठी आणि स्वजनांसाठी. बळीने सत्यवचनापुढे गुरूचा सल्ला मानला नाही, ही त्याची थोरवी होय. परंतु साक्षात् भगवंत याचक होऊन दाराशी उभा राहावा, असा प्रसंग संसारी माणसावर रोज येत नाही. त्याला हे पाच वाटेच तारक आहेत.

आपल्या घरांत चार वाटे बहुधा निघतात. सणवार होतात, लग्नकार्ये होतात, आप्तांचा मान राखला जातो. विसर पडतो तो तिसऱ्या वाट्याचा. सोलापुरात मागावर राबणारा विणकर असो वा विड्या वळणारी माउली असो, मजुरी बेताची आणि खर्च अनेक. महिनाअखेर उरेल ते शिलकीत टाकू, असे म्हणणाऱ्याच्या हाती क्वचितच काही उरते. मग एक आजारपण सावकाराचा उंबरठा दाखविते. म्हणून हा वाटा पगाराच्या दिवशीच, सर्वांआधी बाजूला काढावा. त्यातील पहिली शिल्लक सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी होईपर्यंत बँकेत, अडीअडचणीला हाताशी ठेवावी.

पुढचे काम काळ करतो. आपल्या नगरीचे भूषण असलेला सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून उभा केला; तो काही एका रात्रीत झाला नाही. धनाचेही तसेच आहे. १९६८ साली सुरू झालेल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे उदाहरण घ्या. दर वर्षाच्या आरंभी १२,००० रुपये भरले आणि एप्रिल २०२० मध्ये ठरलेला ७.१ टक्के दर कायम धरला, तर १५ वर्षांत १,८०,००० रुपयांचे सुमारे सव्वातीन लाख होतात. पाच-पाच वर्षांची मुदतवाढ घेऊन तोच क्रम ३० वर्षे चालविला, तर सव्वाबारा लाखांच्या वर जातात. भरणा दुप्पट, फळ मात्र जवळजवळ चौपट! व्याजावर व्याज चढते, त्याचा हा प्रताप. विलंबाने आरंभ करणारा ही वर्षे कोणत्याही किमतीस विकत घेऊ शकत नाही.

तलावाला पाण्याइतकीच बांधाची गरज असते. सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला. नावात लक्ष्मी असली म्हणजे ठेव सुरक्षित असतेच असे नाही, हे तेव्हा या शहराने पाहिले. बहुसंख्य ठेवीदारांना ठेव विम्याचा आधार होता. हा विमा फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारास व्याजासह ५ लाखांपर्यंत मिळतो. पतसंस्थांतील ठेवींना तो लागू नाही. म्हणून सर्व पुंजी एका ठिकाणी ठेवू नये आणि अवाच्या सवा व्याजाच्या आमिषास भुलू नये. धनत्रयोदशीचा दागिना अवश्य घ्यावा, पण मोडताना घडणावळ परत मिळत नाही, हे ध्यानी असावे. समभागांत चढउतार अटळ. तेथे केवळ दीर्घकाळ न लागणारा पैसाच घालावा.

संचय म्हणजे लोभ नव्हे. लोभी मनुष्य पाचही वाटे स्वतःकडे ओढतो. विवेकी गृहस्थ पाचही वाटे प्रामाणिकपणे काढतो. ज्याचा तिसरा वाटा भरलेला असतो, त्याचाच हात दानासाठी निःशंक पुढे होतो. यंदा पूजन झाल्यावर नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहावे आणि त्याखालीच त्या वाट्याची रक्कम मांडावी. दीपोत्सव सर्वांस कल्याणकारी होवो!