उसने राक्षस

अद्भुतिका लिहिणाऱ्यांना पूर्व युरोपातील लोकसमजुतींचे आकर्षण अलीकडे बरेच वाढले आहे. ग्रीक दैवतकथा उपसून झाल्या, नॉर्स देव झाले, केल्टिक पऱ्या झाल्या, बाबा यागाही झाली. आता हंगेरीची पाळी आली आहे. या उसनवारीला विरोध करण्याचे कारण नाही. लोककथा हे कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेले शेत नव्हे. माझा आक्षेप आहे तो उसनवारीच्या रीतीला. आसुरी व्यक्तिरेखा म्हणजे नाव, रूप, शक्ती आणि मारण्याचा उपाय अशी चार रकान्यांची नोंद, ही समजूत मुळातच चुकीची आहे. १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला, १९७७ साली त्याची राक्षससूची स्वतंत्र ग्रंथरूपाने आली. खेळाला अशी सूची हवीच. परंतु खेळाच्या पटावरील ही दृष्टी कादंबरीत उतरली, आणि कादंबरीकाराला आपण काय गमावले याची जाणीवही राहिली नाही.

लिदेर्त्सचे उदाहरण घ्यावे. काळ्या कोंबडीचे पहिले अंडे माणसाने आपल्या काखेत धरून उबवले, की त्यातून एक पिल्लू निघते. ते धन्याला धन आणून देते; पण त्याला सतत काम लागते. एक काम संपले की दुसरे हवे, आणि काम मिळाले नाही तर ते धन्याचाच जीव घेते. त्याच्यापासून सुटण्याचा मार्ग म्हणजे न होणारे काम सांगणे: चाळणीने पाणी आण, वाळूचा दोर वळ. खांबावर चढउतार करीत बसवलेल्या भुताची आपल्याकडील गोष्ट येथे कोणालाही आठवेल. याच लिदेर्त्सचे दुसरे रूप रात्री आकाशातून अग्नीच्या रेषेसारखे उतरते, गेलेल्या किंवा दूर असलेल्या जोडीदाराचा चेहरा धारण करते आणि झुरणाऱ्या माणसाला रात्रीमागून रात्र क्षीण करीत नेते. एक पाय मात्र राजहंसाचा राहतो. हंगेरियन भाषेत दुःस्वप्नाला आजही 'लिदेर्त्सन्योमाश', म्हणजे लिदेर्त्सचा दाब, असाच शब्द आहे.

आता या व्यक्तिरेखेतून काख वजा करावी, झुरणारी विधवा वजा करावी. काय उरते? ज्वाळेचे शेपूट असलेला एक पक्षी. लिदेर्त्स बाहेरून चाल करून येत नाही. माणूसच आपल्या अंगाच्या उबेने त्याला जन्म देतो. लोभ आणि एकटेपणा या दोन अवस्थांना लोकमानसाने एकच नाव दिले, हे या समजुतीतील खरे काव्य होय. सूचीकाराला ते दिसत नाही, कारण त्याच्याकडे त्यासाठी रकाना नसतो.

शार्कान्यची तऱ्हा याहून मौजेची. या शब्दाचे भाषांतर 'ड्रॅगन' असे केले जाते आणि लगेच खजिन्यावर वेटोळे घालून बसलेला पंखवाला सरडा डोळ्यांपुढे येतो. हंगेरियन परीकथांतील शार्कान्यला तीन, सात किंवा बारा डोकी असतात, परंतु तो घोड्यावर बसतो, तलवार चालवतो, घरी बायको असते, आणि आपण येत असल्याची वर्दी तो कोसभर अंतरावरून गदा घराकडे फेकून देतो. हा गावावर सत्ता गाजवणारा जुलमी धनी आहे. त्याला सरडा केले की नायकाचा पराक्रम शिकारीच्या पातळीवर येतो.

याहून गंभीर गोष्ट 'वॉशोरू बाबा'ची, लोखंडी नाकाच्या म्हातारीची. हंगेरियनमध्ये 'बाबा' या शब्दाचा अर्थ सुईण असाही होतो, आणि चेटकिणींवरील खटल्यांत सुईणी व वैदू बायका वारंवार आरोपी म्हणून उभ्या राहिलेल्या दिसतात. १७२८ साली सेगेद येथे चेटकाच्या आरोपाखाली स्त्रीपुरुषांना चितेवर जाळण्यात आले. त्यांत नगराचा एक माजी न्यायाधीशही होता. एवा पोच यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे खटले आणि लोकसमजुती यांचे नाते दीर्घकाळ उलगडून दाखवले आहे. ज्या देशात बिहारसारख्या राज्याला १९९९ साली डायन ठरवण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा करावा लागला, तेथील वाचकाने तरी चेटकीण ही निव्वळ रंजक सामग्री मानू नये. ती कोणाची तरी शेजारीण होती.

नावाच्या उसनवारीने इतिहासही कसा वाकतो, याचा पुरावा जुना आहे. १७२५ आणि १७३१-३२ मध्ये रक्तपिपासू प्रेतांची जी प्रकरणे युरोपभर गाजली, ती हाब्सबर्गांच्या ताब्यातील सर्बियन खेड्यांतली. १७४६ साली काल्मेने आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच ते 'हंगेरीचे' करून टाकले. पुढे १८९७ साली स्टोकरने ड्राकुलाच्या तोंडी आपण सेकेली, म्हणजे हंगेरियन भाषक जमातीचे, असल्याचा अभिमान घातला. हंगेरियन भाषक खेड्यांच्या समजुतींत असल्या प्रेताला फारसे स्थान नाही, असे अभ्यासक सांगतात. तरीही तेथील अद्भुत म्हटले की पहिल्यांदा सुळेच आठवतात!

माझे म्हणणे शुद्धतावादाचे आहे, असा आरोप यावर होईल. तो मला मान्य नाही. वोरोश्मार्तीने १८३१ मध्ये 'चोंगोर एश त्युन्दे' हे नाट्यकाव्य प्रसिद्ध केले, त्यात बापाच्या वारशावरून भांडणारी तीन सैतानपुत्रे आहेत. वारसा म्हणजे जादूचा झगा, चाबूक आणि वहाणा. मयासुराचे दोन पुत्र पात्र, काठी आणि पादुकांसाठी झुंजत असताना पुत्रक त्यांना शर्यतीला धाडतो, ती 'कथासरित्सागरा'तील कथा ज्याने वाचली आहे त्याला हे भांडण ओळखीचे वाटेल. कथा कुठून कुठे गेली हा वाद येथे अप्रस्तुत. महत्त्वाचे हे की वोरोश्मार्तीने सैतान घेतला तो भाऊबंदकीसकट घेतला.

मार्सेल यांकोविच यांनी १९८१ मधील 'फेहेर्लोफिया' या चित्रपटात तर याहून मोठे स्वातंत्र्य घेतले. त्यांचा तीन डोक्यांचा शार्कान्य पाषाणाचा आहे, सात डोक्यांचा रणगाड्यांच्या धातूचा आणि बारा डोक्यांचा म्हणजे गगनचुंबी इमारतींचे एक शहर. परीकथेत यातले काहीच नाही. तरीही हा शार्कान्यच आहे हे एखाद्या खेडुतालाही पटावे, कारण सत्ता गाजवणारा धनी त्यांनी जागेवर ठेवला आणि फक्त त्याचे शरीर आपल्या शतकातून घेतले.