अमेरिकेत बाक मिळाले, घरी खोली मिळेना!

परदेशाहून कोणी गावी आला की चावडीवर त्याला पहिला प्रश्न होतो, "तिकडे पगार काय?" प्रश्न रास्त आहे, पोट कोणाला चुकले आहे? परंतु आमच्या मते त्याहून मोठा प्रश्न निराळाच आहे. तिकडे तुझी जात न विचारता तुला कोणी शेजारी बसू दिले काय? आणि परत आल्यावर इकडे तसे बसू दिले काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच बडोदे शहराने देऊन ठेवले आहे. ते आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनी नीट ध्यानात घ्यावे.

श्रीमंत सयाजीराव महाराज हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातले. 1875 साली ते बडोद्याच्या गादीवर आले आणि 1887 साली प्रथम युरोपास गेले. पुढे अनेक वेळा गेले. पण नुसती मौज पाहून परतले नाहीत. 1893 साली अमरेली प्रांतात व 1906 साली सर्व संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून 1910 साली तिकडील एक जाणता ग्रंथपाल बोलावून आणला आणि खेडोपाडी पुस्तके पोहोचविली. प्रवास करावा तो असा!

ह्याच महाराजांनी 1913 साली भीमराव आंबेडकर ह्या तरुणास दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. ज्याला साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, तो तेथे इतरांच्या बरोबरीने बाकावर बसला. जात कोणी विचारली नाही. अभ्यास किती झाला एवढेच विचारले. 1915 साली तो एम. ए. झाला. पुढे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, परदेशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती.

1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली व ते कराराप्रमाणे नोकरीसाठी बडोद्यास आले. राजा अनुकूल, हुद्दा मोठा, पदवी अमेरिकेची. पण डोके टेकायला जागा नाही! हिंदू खाणावळीत प्रवेश नाही, म्हणून पारशाचे नाव घेऊन ते पारशांच्या उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. मग एका हिंदू स्नेह्यास विचारले, तर तुम्ही आलात तर आमचे नोकर निघून जातील, असे उत्तर आले. ख्रिस्ती स्नेह्याने बायकोला विचारावे लागेल असे सांगितले. शेवटी कामाठी बागेत बसून त्यांनी रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहिली.

वाचकहो, येथे दोष कोणाचा? राजाचा नव्हे, त्याने तर वाट मोकळी केली होती. परंतु शाळा उघडणे राजाच्या हाती असते, शिष्यवृत्ती देणे सरकारच्या हाती असते. खोलीची किल्ली मात्र घरमालकाच्या कनवटीला असते. ती किल्ली ज्याच्यापाशी आहे त्याने ती फिरविली नाही, तर राजाची मोहोर आणि विद्यापीठाची पदवी ही दोन्ही दाराबाहेरच राहतात.

परदेश म्हणजे स्वर्ग, असेही आम्ही म्हणत नाही. गुलामांची मुक्तता केली म्हणून जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले हे खरे. परंतु त्याच अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या माणसाला पुढे कित्येक वर्षे शाळा वेगळी आणि गाडीचा डबाही वेगळा होता. आणि आमचे लोक तरी तिकडे काय घेऊन गेले? लोणच्याच्या बरणीबरोबर जातही बांधून नेली! ती इतकी उतू गेली की 2023 साली सिअ‍ॅटल शहराला जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा करावा लागला. ही आम्हांला भूषणाची गोष्ट आहे काय?

आता आपल्या कर्जत-खालापुराकडे पाहू. 1856 साली रूळ खोपोलीपर्यंत आले, 1863 साली बोरघाट फुटला, आणि गाडीच्या डब्यात सर्व जाती मांडीला मांडी लावून बसू लागल्या. परंतु स्टेशनावर उतरल्यावर काय? वाडीतला कातकऱ्याचा पोर बारावी होऊन कॉलेजासाठी खोली शोधू लागला, की आजही आडनाव विचारले जाते आणि खोली "कालच दिली गेली" असते. असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. आणि नाही म्हणणारा कोणी शेटजी-भटजीच असतो असे नाही. आपल्यापैकीच कोणी कुणबी, कोणी आगरी, कोणी सुतार असतो. ज्याला काल वाड्याच्या पायरीशी उभे करीत, तो आज स्वतःची चाळ बांधून दुसऱ्याला पायरीशी उभा करतो. ह्याला समाजाची प्रगती म्हणावे काय?

ह्याच तालुक्यात माथेरानच्या न्हावी घरातला एक मुलगा वकील झाला. त्याने शेतकऱ्यांसाठी गावोगाव शाळा व धान्यकोठ्या काढल्या आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर देशासाठी प्राण दिला. भाई कोतवालांची जयंती आपण हार घालून करतो. त्यांचे काम कोणी करावयाचे?

आमचे मागणे थोडके आहे. ज्याच्या घरी भाड्याची खोली आहे त्याने भाडे विचारावे, आडनाव विचारू नये. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले शाळेतून गळू नयेत, म्हणून त्यांना ठेवून घेण्याची तजवीज ग्रामसभेने करावी. आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या आहेत, त्यांची माहिती शिक्षकांनी वाडीवाडीत सांगावी. आमच्या डोंगरातला मुलगा उद्या खुशाल न्यूयॉर्कास जावो. पण परत आल्यावर त्याला बागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहावी लागू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.