आधी ताट बदला!

मेसच्या भाजीवर सगळेच बोलतात, ताटावर कुणीच नाही. ते स्टीलचं खणांचं ताट! आमटी खण ओलांडून थेट जिलबीला भेटते. घरी कसं, मीठ वर, डावीकडे लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे वरणभात, आमटीला वाटी. आपल्या आज्यांचं हे 'डिझाइन' बघूनच भूक लागते!

ताट फार मोठंही नको. मोठ्या वर्तुळातलं वर्तुळ लहान भासतं, हा देल्बफचा १८६५ मधला दृष्टिभ्रम. भात कमी वाटतो, आपण वाढून घेतो, उरलेला खरकट्यात.

म्हणून माझं मेस कमिटीला सांगणं आहे, पुढच्या खरेदीत मध्यम, सपाट, काठाची ताटं आणि प्रत्येकी दोन वाट्या घ्या. मावशींच्या कष्टांना तेवढा मान तरी मिळू दे!