करकरीत नोटेपेक्षा मळकी नोट मोलाची

अल्बानियाच्या समाजवादी काळातल्या नोटा जमवणे हा महागडा छंद नाही. लेक हे तिथले चलन. १९७६ च्या १, ३ आणि ५ लेकच्या नोटा आजही किरकोळ दरात मिळतात आणि त्याही करकरीत, एकही घडी न पडलेल्या. काहींवर लाल अक्षरांत ‘स्पेसिमेन’ असा ठसा असतो. सात नोटांचा संच पूर्ण झाला की संग्राहक अल्बमचे पान उलटतो आणि पुढच्या देशाकडे वळतो. इथेच घाई होते. या मालिकेतली जमवण्याजोगी नोट करकरीत नाही. जी बाजारात फिरली, हाताच्या घामाने मळली, घडीवर विरली, तिच्यासाठी थांबायला हवे.

ज्या देशात वर्तमानपत्रापासून नाटकापर्यंत प्रत्येक ओळ सत्ताधारी पक्षाच्या नजरेखालून जाई, तिथे सामान्य माणसाची स्वतःची खूण उरलेले कागद फार थोडे. वापरलेली नोट त्यांपैकी एक आहे.

या चलनाची सुरुवातच उसन्या आधारावर झाली. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय बँकेत भांडवल प्रामुख्याने इटलीचे होते आणि तिचे सोने रोममध्ये होते. १९४३ मध्ये जर्मनांनी त्यातले २,३३८ किलो सोने उचलून नेले. युद्ध संपल्यावर ते सापडले, पण राजधानी तिरानाला मिळाले नाही. १९४६ मध्ये कॉर्फूच्या खाडीत ब्रिटिश युद्धनौका सुरुंगांवर आदळून ४४ नौसैनिक मारले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अल्बानियाला जबाबदार धरून ब्रिटनला नुकसानभरपाई द्यायला सांगितले, अल्बानियाने ती दिली नाही आणि सोने अडकून पडले. त्यातला वाटा परत मिळायला १९९६ साल उजाडले. १९४५ मध्ये नव्या सरकारने जुन्याच नोटांवर आपला ठसा मारून त्या चालवल्या होत्या. तो ठसा पाहताना हा सगळा इतिहास ठाऊक असला, तर कॅटलॉगमधली एक कोरडी नोंद एकदम बोलू लागते.

पुढची वीस वर्षे हे चलन कोणा ना कोणा मोठ्या मित्राच्या आधाराने चालले. आधी लेक युगोस्लाव्ह दिनाराच्या बरोबरीला बांधला गेला. १९४८ मध्ये ती मैत्री तुटली, मग सोव्हिएत संघ आला. १९६१ मध्ये त्याच्याशीही फाटले आणि देश चीनकडे झुकला. तरी १९६५ मध्ये दहा जुन्या लेकांना एक नवा लेक मिळू लागला, तेव्हा १९६४ साल छापलेल्या नव्या नोटा होत्या १, ३, ५, १०, २५, ५० आणि १०० लेकच्या. सोव्हिएत संघाने १९६१ मध्ये काढलेल्या रूबलच्या नोटांचे आकडे नेमके हेच होते. भांडण जगजाहीर झाले होते, पण तीन आणि पंचवीसची नोट मॉस्कोच्या सवयीची राहिली. लोकांची सवय तर आणखी चिवट निघाली. आजही तिरानातल्या बाजारात भाव कित्येकदा जुन्या लेकमध्ये, म्हणजे एक शून्य जास्त लावून, सांगितला जातो.

आता चित्रे. १ लेकवर शेतकरी जोडपे आणि मागे श्कोदरचा रोझाफा किल्ला. १० लेकवर सूतगिरणीत काम करणारी बाई. २५ लेकवर गव्हाची पेंढी घेतलेली शेतकरीण, मागे नांगरणारा ट्रॅक्टर. भारतीय वाचकाला यात परके काही वाटू नये, पाच रुपयांच्या नोटेवर आपणही ट्रॅक्टर पाहिलेला आहे. ५० लेकवर संचलन करणारे सैनिक, पंधराव्या शतकातला वीर स्कंदरबेग आणि मागच्या बाजूला बंदूक व कुदळ. एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात बंदूक ही तिथली अधिकृत घोषणाच होती.

देशाचा हुकूमशहा एन्व्हर होजा मात्र कोणत्याही नोटेवर नाही. बेरातजवळच्या शिपिराग डोंगरावर ‘एन्व्हर’ ही अक्षरे दगडांनी रचली गेली, तिरानात त्याच्या नावाने पिरॅमिडसारखे संग्रहालय उभे राहिले, पण चलनावर तो आला नाही. चेहरा नसला तरी त्याचे राज्य या कागदांवर पुरेपूर आहे, आणि ते सर्वांत स्पष्ट दिसते ५ लेकवर.

तिच्यावर मालट्रक आणि वाफेच्या इंजिनाची रेल्वेगाडी आहे, मागे समुद्रात जहाज. खासगी मोटारीला त्या देशात बंदी होती, म्हणून मोटार नाही. रेल्वेचा अभिमान मात्र खरा होता. दुर्रस ते पेचिन ही पहिली लाइन १९४७ मध्ये तरुण स्वयंसेवकांच्या श्रमातून उभी राहिली. पण ही रेल्वे १९८६ पर्यंत देशाबाहेरच्या एकाही रुळाला जोडलेली नव्हती. ज्याच्या खिशात ही नोट होती त्याला गाडीने फार तर देशाच्या टोकापर्यंत जाता येई. ३ लेकवरच्या सारांडा या किनाऱ्यावरच्या गावाचेही तेच. सुंदर किनारा, समोर दिसणारे ग्रीसचे कॉर्फू बेट, आणि रात्री पोहून तिथे पोहोचण्यासाठी जीव पणाला लावणारी माणसे. आणि मग ऑगस्ट १९९१. दुर्रसच्या बंदरात साखर घेऊन आलेल्या ‘व्लोरा’ जहाजावर सुमारे वीस हजार माणसे चढली आणि इटलीतल्या बारीला जाऊन धडकली. गाडीतून आणि जहाजातून लोक कुठे जातील हे सरकारने ठरवले होते. लोकांनी ते एका दिवसात बदलले.

१९७६ च्या नोटांवर चित्रे तीच राहिली, देशाच्या नावात ‘समाजवादी’ हा शब्द वाढला. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने परदेशी कर्ज घेण्यालाच मनाई केली. चीनशीही दुरावा आला आणि देश जवळजवळ एकटा पडला. १९८१ च्या सुमारास खेडुतांच्या घरची जनावरेही सामुदायिक शेतीत ओढली गेली. दूध, मांस मिळेनासे झाले. २५ लेकवरची पेंढी त्या दिवसांत कोणी किती वेळा मोजून दिली असेल, हे करकरीत नोट सांगू शकत नाही. ती कोणाच्या हाती गेलेलीच नसते.

वापरातली नोट बँकेत परत जाते आणि नष्ट होते, हा जगभरचाच रिवाज. गोदामात पडून राहिलेली बंडले मात्र नंतर संग्राहकांच्या बाजारात येतात. म्हणूनच स्वच्छ नोटांची रेलचेल दिसते. तरी बाजार एका घडीला किंमत उतरवतो आणि दोन घड्यांना नोट बाजूला टाकतो. हा हिशेब कागदाचा आहे, इतिहासाचा नाही. संग्राहकांनी आणि संग्रहालयांनीही तो जसाच्या तसा मान्य करू नये. संच पूर्ण करायचा तर करावा, पण प्रत्येक करकरीत नोटेशेजारी तीच नोट वापरलेलीही ठेवावी. विक्रेत्याला ती कुठून आली ते विचारावे, जे कळेल ते शेजारी पेन्सिलने लिहून ठेवावे. आणि भाव वाढावा म्हणून नोट धुण्याचा, तिच्यावर इस्त्री फिरवण्याचा जो उद्योग चालतो, तो कोणी करू नये. धुतल्या नोटेवरून आधी डाग जातात, मग शाई, आणि इस्त्रीखाली घड्याही.