घड्याळ टोमणा मारत नाही

गाडी चालवणाऱ्या बाईला आपल्याकडे दोनच शेरे मिळतात. एक, ‘बायकांना कुठं जमतंय!’ आणि दुसरा, ‘अरे वा, बाई असून काय गाडी चालवते!’ पहिल्यानं राग येतो, दुसऱ्यानं घटकाभर बरं वाटतं. पण मैत्रिणींनो, या दोन्हींतून शिकायला काय मिळतं? काहीच नाही. नेमकं कुठं बिघडतंय आणि ते सुधारायचं कसं, हे दोन्हीत नसतं.

ज्या खेळात हे ‘नेमकं कुठं’ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, त्याबद्दल आज लिहायचंय. कार रेसिंग. ‘आमचा काय संबंध?’ म्हणून पान उलटू नका. संबंध आहे.

माझी भाची पुण्यात नोकरी करते आणि तिला गाडीचं भारी वेड. साठवलेल्या पैशांतून ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर शिकायला गेली. सोबतीला मी. ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. शिकणारे सगळे तिच्यासारखेच हौशी. कुणी दुकानदार, कुणी इंजिनीअर. गाडीत जीपीएसची एक छोटी डबी बसवलेली. फेरी संपली की वेळ हजर.

सकाळी भाची घामाघूम होऊन उतरली. ‘मावशी, काय पळवली ना मी!’ घड्याळ म्हणालं, २ मिनिटं २४ सेकंद. त्याच गाडीत तिच्या प्रशिक्षकांनी फेरी मारली, २ मिनिटं १४ सेकंद. दहा सेकंदांचा फरक! पोरीचा चेहराच पडला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार काहीतरी.

पण ते गृहस्थ एक शब्द वाकडा बोलले नाहीत. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि दोघांच्या फेऱ्यांचे आलेख एकावर एक ठेवले. कुठल्या मीटरला गाडीचा वेग किती, याच्या दोन रेषा. बऱ्याच ठिकाणी त्या जवळजवळ चालल्या होत्या. दहापैकी चार सेकंद फक्त दोन वळणांत गेले होते. दहा सेकंदांचा डोंगर एकदम दोन टेकड्यांएवढा झाला.

त्या वळणांवर होत काय होतं? भाची ब्रेक उशिरा दाबत होती आणि जोरात आत शिरत होती. तिला वाटायचं, हाच वेग. पण आत शिरल्यावर गाडी बाहेर फेकली जायची, मग ती सावरायची आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय यायला उशीर व्हायचा. प्रशिक्षकांनी समजावलं ते मला फार आवडलं. टायरची पकड म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार. सगळा ब्रेकवर उधळलात, तर वळायला काही उरत नाही. म्हणून मुख्य ब्रेक सरळ रस्त्यावर लावायचा, वळण जवळ येईल तसा पाय हलका करायचा, नजर पुढं ठेवायची आणि गाडी सरळ होऊ लागली की वेग वाढवायचा. आत सावकाश, बाहेर झपाट्यानं.

याचं गणितही साधं आहे. पुढं एक किलोमीटरची सरळपट्टी असेल आणि तिच्यावर सरासरी वेग ताशी १५० पडला, तर २४ सेकंद लागतात. १५४ पडला तर साधारण २३.४. म्हणजे वळणातून नीट बाहेर पडण्याचं फळ पुढच्या अख्ख्या पट्टीभर मिळतं. वळणात शिरताना दाखवलेल्या शौर्याचं मात्र तिथंच पाणी होतं.

दुपारी त्यांनी एकच अट घातली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी फक्त ब्रेकची जागा, ती बसली की मग नजर. संध्याकाळी फेरी आली २ मिनिटं १९ सेकंदांवर. पण प्रशिक्षक खूश झाले ते वेगळ्याच कारणानं. शेवटच्या पाच फेऱ्यांत जेमतेम एका सेकंदाचा फरक होता. एखादी फेरी नशिबानं चांगली पडते, पाच सारख्या पडल्या म्हणजे हात बसला.

नुसतं यंत्र घेऊन मात्र भागत नाही. ताशी १०० च्या वेगात गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. साध्या मोबाइलचा जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच जागा टिपतो, म्हणजे अख्खं वळण दोन टिपणांच्या मध्ये हरवू शकतं. त्यासाठीच्या डब्या सेकंदाला दहा किंवा जास्त वेळा टिपतात. पण तेवढी बारीक नोंद मिळाली तरी ती ‘कुठं’ एवढंच सांगते. ‘का’ ते शेजारी बसलेला जाणकारच सांगतो. आणि जाणकाराचं खरं की नाही, ते पुन्हा घड्याळ सांगतं. एकाला दुसऱ्याची गरज आहे.

या घड्याळाशी बायकांचं नातं जुनं आहे बरं का. १९६०-७० च्या दशकांत फॉर्म्युला वनच्या शर्यतीत रस्त्याकडेला स्टॉपवॉच घेऊन फेऱ्यांची वेळ टिपायला बसायच्या त्या अनेकदा ड्रायव्हरच्या बायकाच. जॅकी स्ट्युअर्टची पत्नी हेलन, योखेन रिंटची पत्नी नीना. वेळ टिपणारी ती आणि गाडी चालवणारा तो! स्टिअरिंग हाती मिळालेल्या थोड्या होत्या. त्यांतल्या इटलीच्या लेला लोम्बार्दीनं १९७५ मध्ये स्पेनच्या शर्यतीत सहावी येऊन अर्धा गुण मिळवला. आणि आपल्या पुण्याच्या डायना पंडोले यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून गटाचं विजेतेपद पटकावलं, असं करणारी पहिली भारतीय महिला म्हणून. घड्याळाला बाई-पुरुष कळत नाही.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे कितीजणींचं लायसन्स कपाटात पडून आहे! ड्रायव्हिंग स्कूलला पैसे भरले, परीक्षा पास झाल्या, मग शेजारी बसले ‘अहो’. ‘अगं हळू! अगं ब्रेक! राहू दे, तुला नाही जमायचं.’ आठ दिवसांत चावी परत खुंटीवर. मग दवाखाना, माहेर, मुलांच्या परीक्षा, सगळ्यासाठी कुणाच्या तरी सवडीची वाट बघायची. गाडी दारात असून बाई अडकलेली. त्या ‘नाही जमायचं’ची केवढी किंमत आपण मोजतो!

म्हणून माझं म्हणणं एवढंच की, ट्रॅकवरचा हा शिरस्ता घरात आणा. कुणी ‘चुकलं’ म्हणालं की विचारा, ‘कुठं? चढावर गाडी मागं सरकली तेव्हा, की रिव्हर्सला आरसा बघितला नाही तेव्हा?’ उत्तर आलं तर ते शिक्षण. नाही आलं तर तो नुसता टोमणा, सोडून द्या. आज एकच गोष्ट घ्या, चढावर गाडी उचलायची. दहापैकी किती वेळा जमली ते वहीत लिहा. पुढच्या रविवारी पुन्हा लिहा. आणि लेकीला, सुनेला शिकवताना आपणही तोंडाला लगाम घालू या.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. वेगाचं घड्याळ रस्त्यावर लावायचं नाही. ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेनं जातात, डोक्यावर हेल्मेट असतं, झेंडे घेऊन माणसं उभी असतात. आपल्या रस्त्यावर म्हैस असते, शाळेची पोरं असतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणाच्या लेकीला वेगाची हौस असेलच, तर तिला कार्टिंगच्या ट्रॅकवर न्या. कोल्हापुरात राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्याही झालेल्या आहेत.

आणि कपाटातलं लायसन्स काढाच एकदा. मुदत संपली नाहीये ना, तेवढं मात्र बघून घ्या.